सुट्या मालाच्या गिऱ्हाइकाचा हक्क

२३ जुलै २०२४ रोजी संसदेत मांडल्या गेलेल्या अर्थसंकल्पात एक छोटेसे वाक्य होते. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या क्षेत्रात अन्नपदार्थांवर विकिरण-प्रक्रिया करणारी पन्नास केंद्रे उभारण्यास अर्थसाहाय्य देऊ, असे त्यात सांगितले होते. करांच्या नव्या दरांची आणि शेअरबाजाराच्या चढउताराची चर्चा करण्यात गुंतलेल्या वर्तमानपत्रांचे त्या वाक्याकडे फारसे लक्ष गेले नाही. ३१ जुलै २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने प्रधानमंत्री किसान संपदा योजनेच्या वाढीव तरतुदीत या पन्नास केंद्रांना मान्यता दिली आणि त्यांच्या जोडीला शंभर अन्नचाचणी प्रयोगशाळाही मंजूर केल्या. तरीही सर्वसामान्य माणसाच्या ताटाशी ज्याचा थेट संबंध आहे असा हा विषय अद्याप सार्वजनिक चर्चेत आलेला नाही. तो यावा, आणि आपल्या कार्यकर्त्यांनी तो आणावा, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

विषयाचे तांत्रिक अंग प्रथम थोडक्यात सांगितले पाहिजे. कोबाल्ट-६० या किरणोत्सर्गी धातूतून निघणाऱ्या गॅमा किरणांसमोरून कांदे, बटाटे, मसाले, आंबे अशा वस्तू ठरावीक वेळ नेल्या जातात. किरणांची मात्रा अल्प असेल तर कांद्या-बटाट्याला मोड येत नाहीत. ती थोडी वाढवली तर फळांतील व धान्यातील किडी वांझ होतात किंवा मरतात. आणखी वाढवली तर मसाल्यांतील जंतू व बुरशी नष्ट होतात. ही मात्रा 'ग्रे' या एककात मोजतात. आपल्याकडील १९९४ च्या नियमांनी कांद्यासाठी ती ३० ते ९० ग्रे ठरवली होती, तर मसाल्यांसाठी ६,००० ते १४,००० ग्रे. अन्नाचा आणि कोबाल्टचा प्रत्यक्ष स्पर्श होत नाही आणि किरणांमुळे अन्न स्वतः किरणोत्सर्गी होत नाही. अंगणात वाळवलेल्या मिरच्या सूर्यप्रकाश निघून गेल्यावर स्वतः प्रकाशत नाहीत, तसेच हे आहे. 'विकिरणित' आणि 'किरणोत्सर्गाने दूषित' हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरून लोकांना घाबरवणे हा प्रचाराचा सोपा मार्ग आहे. समाजवादी कार्यकर्त्याने तो पत्करू नये.

ही गल्लत मात्र लोकांनी मूर्खपणाने केलेली नाही. त्यामागे इतिहास आहे. १९८६ साली चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. त्यानंतर युरोपीय आर्थिक समुदायाकडून आलेल्या आयरिश लोण्याचे मुंबईत वितरण होऊ लागले, तेव्हा ते लोणी दूषित असावे अशी शंका घेऊन काही नागरिक न्यायालयात गेले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. त्याने तज्ज्ञांची समिती नेमली, समितीने लोणी खाण्यास निर्धोक असल्याचा निर्वाळा दिला आणि १९८८ साली त्यावर पडदा पडला. लोण्यावर कोणी प्रक्रिया केली नव्हती. आरोप प्रदूषणाचा होता, म्हणजे विषय वेगळाच होता. परंतु त्या प्रकरणाने एक गोष्ट शिकवली. माहिती आधी मिळाली नाही तर ती नंतर न्यायालयामार्फत मागावी लागते, आणि तोपर्यंत लोणी पोटात गेलेले असते.

याहूनही जुना वाद खास आपल्या देशातला आहे. १९७५ साली हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील संशोधकांनी एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तीव्र कुपोषण झालेल्या पंधरा बालकांचे पाच-पाचांचे तीन गट करून त्यांना वेगवेगळ्या प्रकारचा गहू खाऊ घालण्यात आला होता. विकिरणानंतर लगेच वापरलेला गहू ज्यांना मिळाला, त्या बालकांच्या रक्तपेशींत गुणसूत्रांची संख्या प्रमाणाबाहेर वाढलेल्या काही पेशी आढळल्या, असा तो निष्कर्ष होता. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांना आपल्या प्रयोगांत तसे काही आढळले नव्हते. दोन सरकारी संस्था समोरासमोर उभ्या राहिल्या. तेव्हा केशवन आणि आपले महाराष्ट्रीय संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांच्या समितीने दोन्हीकडची आकडेवारी तपासली आणि हैदराबादच्या निष्कर्षांना पुरेसा आधार नसल्याचे मत १९७६ साली दिले. पुढे १९८० साली जागतिक आरोग्य संघटना, अन्न व कृषी संघटना आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था यांच्या संयुक्त तज्ज्ञसमितीने १०,००० ग्रेपर्यंतच्या सरासरी मात्रेने विषारीपणाचा धोका उद्भवत नाही असे म्हटले, आणि १९८३ साली त्याच पायावर आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेने आपले मानक स्वीकारले.

आमच्या मते आजवरचा पुरावा या प्रक्रियेच्या बाजूने आहे, आणि तसे आम्ही स्पष्टपणे म्हणतो. परंतु हा सगळा वाद कोणाच्या भाकरीवरून झाला, याचा विसर पडू नये. शास्त्रज्ञ शास्त्रज्ञांशी भांडले, समित्यांनी अहवाल दिले, आंतरराष्ट्रीय मानके ठरली. त्या पंधरा कुपोषित बालकांना मात्र काही विचारण्याचा प्रश्नच नव्हता. गरिबाच्या पानात काय वाढायचे हे त्याच्याविना ठरवण्याची आपली सवय जुनी आहे. आज तिचे स्वरूप सौम्य झाले आहे, पण सवय गेलेली नाही.

आता कायद्याकडे वळू. १९९४ साली अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत दुरुस्ती होऊन देशांतर्गत विक्रीसाठी कांदा, बटाटा आणि मसाले यांच्या विकिरणास परवानगी मिळाली. पुढे यादी वाढत गेली आणि २०१६ साली एकेक वस्तू मोजण्याऐवजी अन्नाचे वर्गच ठरवण्यात आले. लेबलाविषयीचा नियम मात्र आरंभापासून नि:संदिग्ध आहे. विकिरणित अन्नाच्या प्रत्येक वेष्टनावर प्रक्रिया विकिरणाने केल्याचा उल्लेख, प्रक्रियेची तारीख, परवाना क्रमांक आणि प्रक्रियेचा हेतू छापला पाहिजे. शिवाय तुटक वर्तुळात पानाफुलाची आकृती असलेले 'रादुरा' हे हिरवे बोधचिन्ह असले पाहिजे. आणि असे अन्न वेष्टनबंद स्वरूपातच विकले गेले पाहिजे, असेही नियम सांगतो.

कागदावर याहून अधिक काय हवे? जगातील पुष्कळ देशांच्या तुलनेत हा नियम कडकच म्हणावा लागेल. परंतु कायद्याची परीक्षा बाजारात होते, म्हणून आपण नागपूरच्या बाजारात जाऊ.

कळमन्याच्या बाजार समितीच्या आवारात पहाटे नाशिक-नगरकडून आलेल्या कांद्याच्या गोण्या उतरतात. ठोक व्यापाऱ्याकडून त्या किरकोळ विक्रेत्याकडे जातात. कॉटन मार्केटच्या भाजीबाजारात किंवा वस्तीतल्या कोपऱ्यावर गोणीची शिवण उसवली जाते आणि कांदा ठेल्यावर ओतला जातो. त्या क्षणी गोणीचे आणि कांद्याचे नाते संपते. गोणीवर काही छापलेले असलेच, तरी ती रिकामी गोणी ठेल्याखाली पडते, नाहीतर विक्रेत्याच्या बसण्याखाली जाते. ज्या मजूर बाईला संध्याकाळी रोजी हातात पडल्यावर अर्धा किलो कांदे घ्यायचे आहेत, ती ढिगातून हाताने चाचपून कांदे निवडते. तिच्या दृष्टीने वेष्टन नावाची वस्तूच अस्तित्वात नाही. इतवारीच्या किराणा बाजारातून आलेली हळद आणि तिखट वस्तीतला दुकानदार कागदाच्या पुडीत बांधून देतो, तेव्हाही तेच घडते. कायदा म्हणतो, विकिरणित माल वेष्टनाशिवाय विकू नका. बाजार म्हणतो, आमच्याकडे वेष्टन परवडणारे गिऱ्हाईकच नाही.

नागपूरकरांना याचे एक घरचे उदाहरण ठाऊक आहे. दूरच्या बाजारपेठेत टिकावीत म्हणून आपल्या संत्र्यांवर मेणाचा पातळ थर दिला जातो. मेण लावलेल्या फळाच्या वेष्टनावर तसा उल्लेख असावा असा नियम आहे. संत्र्याच्या हंगामात रस्त्याच्या कडेला डझनाने संत्री घेणाऱ्यांपैकी किती जणांनी तो उल्लेख पाहिला आहे? प्रस्तुत लेखकाने तरी या शहरात इतक्या वर्षांत एकदाही पाहिलेला नाही. पेटीवर छापलेला शब्द पेटीबरोबरच राहतो, फळ तेवढे आपल्या घरी येते.

याउलट आपलाच आंबा परदेशी जातो तेव्हा काय होते ते पाहा. नाशिक जिल्ह्यातील लासलगाव येथे भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ साली 'कृषक' हे विकिरण केंद्र सुरू केले. ते मुळात कांद्यासाठी होते. अमेरिकेने आपल्या आंब्यावर बरीच वर्षे बंदी घातली होती, कारण आंब्यातील किडी तिकडे पोहोचण्याचे भय होते. किमान ४०० ग्रे मात्रेची प्रक्रिया केली तर आंबा घेऊ, अशी अट त्या देशाने घातली, आणि २००७ सालच्या एप्रिलमध्ये लासलगावी प्रक्रिया झालेला हापूस अमेरिकेत पोहोचला. आता अमेरिकेचा नियम असा आहे की विकिरणित फळ सुटे विकायचे असेल तर बोधचिन्ह आणि 'विकिरणाची प्रक्रिया केलेले' असे शब्द गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर असले पाहिजेत. मूळ खोक्यावरील मजकूर दिसेल असा ठेवा, नाहीतर मालाजवळ पाटी किंवा कार्ड लावा. हा नियम १९८६ पासूनचा आहे. युरोपीय संघाच्या १९९९ च्या निर्देशानेही सुट्या मालाशेजारी फलक लावणे बंधनकारक केले, इतकेच नव्हे, तर तयार पदार्थात विकिरणित घटक असेल तर घटकांच्या यादीत तसे लिहिण्याचेही बंधन घातले.

म्हणजे कोकणच्या बागेतला आंबा न्यूयॉर्कच्या गिऱ्हाइकाने सुटा घेतला तर त्याला काय घडले आहे हे वाचता येईल, पण लासलगावचा कांदा नागपूरच्या गिऱ्हाइकाने सुटा घेतला तर त्याच्यासाठी पाटीची तरतूदच नाही. आपला नियम सुट्या विक्रीलाच नकार देऊन मोकळा झाला. जे घडूच नये असे म्हटले, ते घडल्यावर गिऱ्हाइकाला सांगायचे कसे, याचा विचार करण्याची त्याला गरज वाटली नाही. माहितीचा हक्क असा हळूच वर्गाचा हक्क होतो. वातानुकूलित दुकानातून जाळीच्या पिशवीत बांधलेला कांदा घेणाऱ्यास तो मिळतो, ठेल्यावर पाव-अर्धा किलो घेणाऱ्यास मिळत नाही.

हा प्रश्न आज निकडीचा का झाला, तेही सांगितले पाहिजे. गेली वीसएक वर्षे कांद्याचे विकिरण हा प्रायोगिक स्वरूपाचा व्यवहार होता. २०२३ साली केंद्र सरकारने आपल्या राखीव साठ्यातील सुमारे हजार टन कांद्यावर भाभा केंद्राच्या साहाय्याने ही प्रक्रिया करून पाहिली, आणि २०२४ साली एक लाख टनांपर्यंत मजल मारण्याचा मानस जाहीर केला. साठ्यातील सुमारे चौथा हिस्सा जो सडून, सुकून, मोड येऊन वाया जातो, ते प्रमाण निम्म्याच्या आसपास आणण्याची अपेक्षा त्यामागे होती. आता पन्नास केंद्रे येऊ घातली आहेत. जो माल कालपर्यंत अपवाद होता, तो उद्या नित्याचा होईल.

यातील एक विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. हा राखीव साठा केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याच्या अखत्यारीत आहे. त्याच खात्याकडे ग्राहक संरक्षण कायद्याची राखण आहे. १९८६ च्या कायद्याने आणि त्याच्या जागी आलेल्या २०१९ च्या कायद्याने मालाचा दर्जा, प्रमाण, शुद्धता व किंमत यांविषयी माहिती मिळण्याचा हक्क ग्राहकाला दिला. म्हणजे ज्याने हक्क राखायचा तोच आता साठवणदार आणि विक्रेता आहे. आम्ही यात संशय घेत नाही. सरकारने भाव आवरण्यासाठी साठा करावा ही आपलीच जुनी मागणी आहे. परंतु सरकारी कांदा बाजारात येताना त्याच्यासोबत सरकारी पाटी आली, तर खाजगी व्यापाऱ्याला सबब उरणार नाही. धडा प्रथम गुरुजींनी गिरवला तर विद्यार्थी गिरवतात, हा आमचा अध्यापनातला अनुभव आहे.

पाटीला विरोध करणाऱ्यांचा युक्तिवादही ऐकून घेऊ. ते म्हणतात, प्रक्रिया सुरक्षित आहे हे सिद्ध झाले असताना लेबल लावणे म्हणजे लोकांना विनाकारण भिवविणे आहे. लोक 'विकिरण' वाचतील, अणुबाँब आठवतील आणि माल पडून राहील. म्हणून शब्द सौम्य करा, किंवा लेबलच काढा. २००७ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही काही परिस्थितीत लेबल शिथिल करण्याचा आणि पर्यायी शब्द वापरू देण्याचा प्रस्ताव मांडला होता, म्हणजे हा विचार केवळ आपल्या व्यापाऱ्यांचा नाही.

या युक्तिवादात दोन चुका आहेत. पहिली चूक अशी की, माहितीचा हक्क धोक्यावर अवलंबून आहे असे त्यात गृहीत धरले आहे. तसे असते तर शाकाहाराची हिरवी खूण वेष्टनावर कशाला हवी होती? मांस विषारी नसते. तरीही ज्याला ते खायचे नाही त्याला कळले पाहिजे, हे आपण मान्य केले. अन्न माणसाच्या शरीरात जाते, म्हणून त्याचे काय केले आहे हे विचारण्याचा त्याला अधिकार आहे. त्याने उत्तर ऐकून तो कांदा आनंदाने घ्यावा, नाहीतर घेऊ नये. निवड चुकीची करण्याचा अधिकारही निवडीच्या अधिकारात येतो.

दुसरी चूक अर्थशास्त्राची आहे, आणि तिच्याविषयी प्रस्तुत लेखकाला थोडे अपराधीही वाटते. आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर मागणी-पुरवठ्याच्या रेषा काढल्या आणि 'ग्राहकास पूर्ण माहिती आहे असे समजा' एवढ्या एका वाक्यावर पुढचा सारा डोलारा उभा केला. १९७० साली अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅकरलॉफ यांनी जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले की, विक्रेत्याला जे ठाऊक आहे ते गिऱ्हाइकाला ठाऊक नसेल तर गिऱ्हाईक सर्वच मालाकडे संशयाने पाहते, योग्य भाव देत नाही, आणि मग चांगला माल बाजारातून निघून जातो. खरा माल लपवून विकला जाणे हे सरतेशेवटी खऱ्या मालाच्याच मुळावर येते. विकिरणाच्या समर्थकांनी हे ध्यानात घ्यावे. लपवलेली गोष्ट एक ना एक दिवस उघडी पडते, आणि त्या दिवशी लोक प्रक्रियेवर नाही, तर लपवणाऱ्यावर रागावतात. आयरिश लोण्याच्या वेळी दुसरे काय झाले होते?

भीतीचे म्हणाल तर खरा अन्याय निराळाच आहे. मसाल्यांतील जंतू मारण्यासाठी विकिरणाखेरीज एथिलीन ऑक्साइड या वायूची धुरीही वापरली जाते. हा वायू कर्करोगकारक मानला जातो आणि युरोपीय संघात अन्नासाठी त्याला बंदी आहे. २०२० साली भारतातून गेलेल्या तिळात त्याचे अंश सापडल्याने युरोपात मोठा गहजब झाला. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँग व सिंगापूर येथे नामांकित भारतीय मसाल्यांची काही उत्पादने याच कारणासाठी अडवली गेली. आता गंमत पाहा. ज्या मसाल्यावर किरणांची प्रक्रिया झाली त्याला बोधचिन्ह, तारीख, परवाना क्रमांक आणि हेतू हे सारे छापावे लागते. ज्याला वायूची धुरी दिली, त्याच्या पुडक्यावर गिऱ्हाइकासाठी एक अक्षर नसते. प्रामाणिकाने कबुलीजबाब द्यायचा आणि दुसऱ्याने मौन पाळायचे, अशी ही व्यवस्था आहे. तिच्यावर उपाय म्हणून पहिल्यालाही मौनाची मुभा द्या, असे व्यापारी सांगतात. आम्ही म्हणतो, दुसऱ्यालाही बोलते करा.

लेबलावरील तारखेचे महत्त्वही समजून घेतले पाहिजे. विकिरणाने कांद्याचा मोड थांबतो, कांद्याचे वय थांबत नाही. ही प्रक्रिया कांदा काढून वाळवल्यानंतर थोड्याच दिवसांत करावी लागते. तिने सड थांबत नाही, त्यासाठी साठवणही चांगली लागते. म्हणजे ज्याच्याजवळ गुदाम आणि भांडवल आहे त्याला हे तंत्र सर्वाधिक उपयोगी पडते. चैत्रात शेतकऱ्याकडून पडत्या भावात घेतलेला कांदा आश्विनात चढ्या भावाने विकण्याची त्याची शक्ती या तंत्राने वाढते. सहकारी संस्थांच्या हाती हे केंद्र असेल तर तीच शक्ती शेतकऱ्याला मिळेल. यंत्र तेच, मालक कोण एवढाच प्रश्न. परंतु मालक कोणीही असो, 'अमुक तारखेस प्रक्रिया केली' ही एक ओळ ढिगावर लागली, तर हा माल किती महिने दाबून ठेवला होता ते गिऱ्हाइकालाही कळेल आणि ज्याने तो पिकवला त्या शेतकऱ्यालाही. साठेबाजाला आकडा नकोसा असतो, कारण आकडा बोलतो.

आणखी दोन अडचणी नोंदवणे आवश्यक आहे. एक भाषेची. अन्नाच्या वेष्टनावरील सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावा, असा नियम आहे. त्यासोबत इतर भाषा वापरायला मनाई नाही, एवढीच मेहेरबानी मराठीवर केली आहे. ज्या राज्यात हा कांदा पिकतो, ज्या राज्यात त्यावर प्रक्रिया होते आणि ज्या राज्यातले लोक तो खातात, त्या राज्याच्या भाषेत ती माहिती देणे कोणावरही बंधनकारक नाही. दुसरी अडचण चिन्हाची. शाकाहाराची खूण हिरवी, सेंद्रिय मालाची खूण हिरवी आणि हे विकिरणाचे पानाफुलाचे चिन्हही हिरवेच. ज्याला कोणी समजावून सांगितलेले नाही असा माणूस ते पाहून हा माल 'नैसर्गिक' आहे असाच समज करून घेईल. शब्दांवाचून दिलेले चिन्ह माहिती देत नाही, कधीकधी तर ते दिशाभूल करते.

तेव्हा मागण्या कोणत्या? पहिली मागणी, विकिरणित माल सुटा विकला जात असेल तेथे, ठेला असो, रास्त भावाचे दुकान असो, नाहीतर सरकारी विक्रीची गाडी असो, ढिगावर मराठीत ठळक पाटी लावण्याची कायदेशीर तरतूद झाली पाहिजे. 'विकिरण-प्रक्रिया केलेला कांदा, प्रक्रियेची तारीख अमुक' एवढे शब्द पुरेत. ही पाटी पुरवण्याचे दायित्व ठोक विक्रेत्यावर आणि प्रक्रियाकेंद्रावर टाकावे. ठेलेवाल्यावर दंडाचा बडगा उगारून कायदा राबवल्याचे समाधान मिळवू नये, कारण त्या बिचाऱ्यालाही गोणीत काय आहे हे कोणी सांगितलेले नसते. दुसरी मागणी, प्रत्येक राज्यात अन्नावरील लेबल त्या राज्याच्या भाषेत सक्तीचे असावे. तिसरी, मसाल्यांवर आणि फळांवर जी काही धुरी, लेप वा रासायनिक प्रक्रिया झाली असेल तीही विकिरणाइतक्याच स्पष्टपणे सांगितली जावी. चौथी, तयार पदार्थातील विकिरणित घटकाची नोंद घटकांच्या यादीत असावी. आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेने ही अपेक्षा केव्हाच व्यक्त केलेली आहे.

पाचवी मागणी तपासणीची. विकिरणित मसाल्यातील धुळीचे खनिज कण तापवल्यावर प्रकाश सोडतात, त्यावरून प्रक्रिया झाली होती की नाही हे प्रयोगशाळेत ओळखता येते. कांद्याला दिलेली मात्रा इतकी अल्प असते की बाजारातील कांदा हाती घेऊन तशी ओळख पटवणे कठीण. म्हणून खरा पुरावा प्रक्रियाकेंद्राच्या नोंदवहीत असतो. कोणत्या तारखेला, कोणाचा, किती माल आला आणि कोठे गेला, या नोंदी लोकांना पाहता आल्या पाहिजेत. मंजूर झालेल्या शंभर प्रयोगशाळांपैकी विदर्भाच्या वाट्याला किती येतात आणि त्यांत ही तपासणी होणार की नाही, हा प्रश्न आपल्या लोकप्रतिनिधींनी आताच विचारला पाहिजे. केंद्रे उभी राहतात तेव्हा उद्घाटनाला मंत्री येतात. निरीक्षकाची जागा रिकामी राहते तिचे उद्घाटन कोणी करत नाही.

या प्रश्नावर मोर्चा निघेल काय, असे काही मित्र हसून विचारतील. १९७२ साली मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने मुंबईच्या स्त्रिया लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या, तेव्हाही तेल-साखरेचे भाव हा राजकारणाचा विषय नव्हे असे म्हणणारे पुष्कळ होते. त्या स्त्रियांनी स्वयंपाकघराचा प्रश्न राजकारणाच्या ओट्यावर आणून ठेवला. भाव विचारण्याचा हक्क त्यांनी मिळवला. भाव काय, याच्या जोडीला माल काय, हे विचारण्याचा हक्क मिळवणे हे त्यांच्या वाटेवरचे पुढचे पाऊल आहे.

त्यासाठी आरंभ लहान करता येईल. कार्यकर्त्यांनी आपल्या वस्तीतील बाजारात जावे. ठेलेवाल्याशी भांडण्यासाठी नाही, त्याला सोबत घेण्यासाठी जावे. ठोक बाजारातून आलेल्या गोणीवर काय छापले आहे ते त्याच्यासह वाचावे. छापलेले असेल तर तेच शब्द पुठ्ठ्यावर मराठीत लिहून ढिगावर लावावेत आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना त्यांचा अर्थ सांगावा. हा कांदा विषारी नाही, तो मोड येऊ नये म्हणून किरणांपुढून नेलेला आहे, घ्यायचा की नाही हे तुम्ही ठरवा, एवढेच सांगावे. लोक ऐकतील, प्रश्न विचारतील. काही जण घेतील, काही जण शेजारच्या ठेल्यावर जातील. त्यात बिघडले काहीच नाही. आजवर समित्यांनी, खात्यांनी आणि व्यापाऱ्यांनी त्यांच्यासाठी जे ठरवले, ते त्या दिवशी प्रथमच त्यांनी स्वतः ठरवलेले असेल.